डॉक्टर कुठे घडतो आणि कुठे थांबतो

वैद्यकीय शिक्षणाचा प्रश्न आपल्या चळवळीच्या व्यासपीठावर येतो तो बहुतेक वेळा राखीव जागांच्या निमित्ताने. प्रवेशाची यादी लागली, कोर्टाचा निकाल आला, एखाद्या वसतिगृहात छळ झाला की आपण बोलतो, मोर्चा काढतो, निवेदन देतो. ते आवश्यकच आहे. परंतु या गडबडीत दुसरा एक प्रश्न मागे राहून जातो. ज्या माणसांसाठी डॉक्टर घडवायचे त्या माणसांपर्यंत तो पोहोचतो काय? पोहोचत नसेल तर त्याचे कारण त्या डॉक्टरच्या मनात शोधायचे की त्याला घडविणाऱ्या शिक्षणात? प्रस्तुत लेखात मी या प्रश्नाची मांडणी करणार आहे.

मी डॉक्टर नाही. शाळेत विज्ञान शिकवतो, माजिवड्यात राहतो आणि आमच्या वस्तीतल्या मुलामुलींचे प्रवेश अर्ज, जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे कागद जमवून देण्याचे काम बरीच वर्षे करीत आलो आहे. त्यामुळे या प्रश्नाची दोन्ही टोके मला जवळून दिसतात. एका टोकाला डॉक्टर व्हायला निघालेला विद्यार्थी आहे आणि दुसऱ्या टोकाला डॉक्टर न मिळालेला रोगी आहे. या दोघांच्या मध्ये जी व्यवस्था उभी आहे तिचा विचार करायचा आहे.

टंचाई कशाची?

माजिवडा हे ठाण्याचे जुने गाव. मुंबईहून येणारा द्रुतगती मार्ग जिथे नाशिककडे वळतो आणि घोडबंदरचा रस्ता जिथे फुटतो त्या नाक्यावर ते बसलेले आहे. गावठाण आहे, चाळी आहेत, झोपडपट्टी आहे आणि या सर्वांच्या डोक्यावर वीस वीस, तीस तीस मजल्यांचे मनोरे आहेत. या नाक्यापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर हृदयाचा तज्ज्ञ मिळतो, मूत्रपिंडाचा मिळतो, मणक्याचा मिळतो. परंतु धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या पोराला ताप आला तर तिची काय वाट असते? सरकारी दवाखान्याची बाह्यरुग्ण वेळ सकाळची, आणि तिची कामाची वेळही तीच. खाडा केला तर पगार कापला जातो. म्हणून ती संध्याकाळी गल्लीतल्या अशा दवाखान्यात जाते, जिथे पाटीवरची पदवी कोणी विचारीत नाही, सुई मिळते, सलाइन मिळते आणि शंभर-दोनशे रुपयांत ताप उतरतो. चौथ्या दिवशी तो पुन्हा चढतो. आमच्याकडे तज्ज्ञांची टंचाई नाही. जो तिला नावाने ओळखील, तिच्या सासूचा रक्तदाब आणि धाकट्याचा दमा ज्याच्या ध्यानात राहील, आणि मोठ्या इस्पितळात केव्हा जायचे व केव्हा नाही हे जो खरे सांगेल, त्या पहिल्या डॉक्टरची टंचाई आहे.

याच नाक्यावरून नाशिकचा रस्ता धरला की शहापूर तालुका लागतो. तानसा आणि भातसा ही धरणे या तालुक्यातली. मुंबई ते पाणी पिते, आणि उन्हाळ्यात याच तालुक्यातल्या पाड्यांवरच्या बाया टँकरची वाट पाहतात. पाण्याची आणि डॉक्टरची वाट एकच आहे. दोन्ही उताराने शहराकडे जातात, कारण उतार तसा बांधून काढलेला आहे. शहापूरच्या पुढे जव्हार-मोखाडा. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत हा सारा प्रदेश ठाणे जिल्ह्यातच होता. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा ठरला, एक कोटी दहा लाखांचा. त्याच जिल्ह्याच्या जव्हार तालुक्यात १९९२-९३ साली वावर-वांगणीला शंभराहून अधिक बालके कुपोषणाने आणि साध्या आजारांनी दगावली होती. त्या मृत्यूंनंतर शासनाने नवसंजीवन योजना आणली. कल्याण, डोंबिवली, ठाणे या शहरांत तेव्हा डॉक्टर नव्हते काय? भरपूर होते.

शासनाचे मोजमाप असे: सपाटीवर तीस हजार लोकांमागे आणि आदिवासी-डोंगरी भागात वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र. २०१३ साली राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान सुरू झाले तेव्हा शहरासाठी पन्नास हजारांमागे एक केंद्र ठरले. कागदावरचे हे प्रमाण वाईट नाही. पण केंद्र म्हणजे इमारत, आणि इमारतीला नाडी पाहता येत नाही. वेल्समधील कोळसा खाणकामगारांच्या गावात आयुष्य घालविलेले डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली एक नियम मांडला. त्याचा आशय असा की ज्या समाजाला उपचारांची गरज जास्त, त्याच्या वाट्याला ते कमी येतात. आणि वैद्यकी बाजाराच्या हाती जितकी जास्त, तितका हा नियम पक्का. आपण या नियमात जात घातली की तो भारताला तंतोतंत लागू होतो.

एकच डॉक्टर, एकच साचा

ही स्थिती आपोआप आलेली नाही. तिला इतिहास आहे आणि तो शिक्षणाचा इतिहास आहे.

१९४३ साली नेमलेल्या भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला. त्या काळी देशात नोंदलेले डॉक्टर सत्तेचाळीस हजारांच्या आसपास होते. त्यांतले सुमारे तीस हजार पदवीधर नव्हते. ते परवानाधारक, म्हणजे मेडिकल स्कूलमधून कमी मुदतीचा व कमी खर्चाचा अभ्यासक्रम पुरा करून बाहेर पडलेले होते. तालुक्याच्या गावी, बाजारपेठेत, गिरणगावात जो डॉक्टर बसत असे तो बहुधा हाच. समितीच्या बहुमताने शिफारस केली की ही दुहेरी व्यवस्था बंद करावी आणि एकाच दर्जाचा, पूर्ण पदवीचा मूलभूत डॉक्टर तयार करावा. काही सदस्यांनी विरोधी मत नोंदविले. त्यांचे म्हणणे, एवढ्या मोठ्या देशाला एवढ्या लवकर पदवीधर पुरणार नाहीत. ते मत मागे पडले. मेडिकल स्कुले एकामागून एक बंद झाली अथवा कॉलेजे झाली. पुण्याचे बी. जे. मेडिकल स्कूल १९४६ सालीच कॉलेज झाले.

भोर समितीचा हेतू उदात्त होता, हे मान्य केले पाहिजे. गरिबाला दुय्यम डॉक्टर का द्यावा, हा तिचा प्रश्न समतेचा प्रश्न होता. तिला हवा होता सामाजिक वैद्य, रोगाइतकाच रोगाच्या कारणांशी झुंजणारा. प्रत्यक्षात पदवी आली आणि सामाजिक वैद्य आला नाही. कारण पदवी जिथे घडली ती जागा बदलली नाही. मोठ्या शहरातले मोठे इस्पितळ, हीच शाळा राहिली.

इस्पितळात पोहोचणारा रोगी म्हणजे आजाऱ्यांतला फार लहान, फार गुंतागुंतीचा भाग. विद्यार्थी साडेचार वर्षे त्याच भागाकडे पाहतो. माझा एक विद्यार्थी, आज तो डॉक्टर आहे, मला एकदा म्हणाला, "सर, हृदयाच्या झडपेचे दुर्मीळ आजार मी पाच पाहिले. पण मधुमेहाची एक बाई सलग वर्षभर सांभाळलीय, असं एकदाही झालं नाही." या एका वाक्यात वैद्यकीय शिक्षणाची टीका आहे. प्राथमिक वैद्यकी हा सोपा विषय आहे आणि तज्ज्ञाचे काम तेवढे अवघड, असा समज या शिक्षणातून पक्का होतो. वस्तुतः शंभर तापांतून एक मेंदूज्वर वेळेवर ओळखणे, यंत्रावाचून निर्णय घेणे, दारू, कर्ज आणि क्षयरोग एकाच घरात असताना कोणत्या टोकाने सुरुवात करायची हे ठरविणे, ही अत्यंत अवघड विद्या आहे. ती इस्पितळात शिकवता येत नाही, कारण तिथे ती कोणाला येत नसते. शिकविणारे सर्व प्राध्यापक तज्ज्ञ. विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर आदर्श कोणाचा? तज्ज्ञाचा. प्राथमिक केंद्रातला डॉक्टर त्याला भेटतो तो चुकीची चिठ्ठी देऊन रोगी पाठविणारा इसम म्हणून, आणि वॉर्डात त्या चिठ्ठीची थट्टा होते.

सुधारणेचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. १९७५ साली श्रीवास्तव समितीने सांगितले की आपले वैद्यकीय शिक्षण परदेशी नमुन्यावर उभे आहे आणि ते समाजापासून तुटलेले आहे. १९७७ साली प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन विकास गटांची जबाबदारी घ्यावी अशी योजना निघाली. त्यासाठी फिरत्या दवाखान्यांच्या मोठमोठ्या गाड्याही आल्या. योजना हळूहळू विरून गेली. १९७८ साली अल्मा-आटा येथे जगातल्या देशांनी सर्वांसाठी आरोग्याची घोषणा केली आणि प्राथमिक आरोग्यसेवा हा तिचा पाया ठरविला. आपण सही केली. महाविद्यालयाचा वॉर्ड होता तिथेच राहिला.

२०१९ पासून अभ्यासक्रम बदलला आहे. २०२२ पासून प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्या वर्षापासून काही कुटुंबे दत्तक घ्यावीत असा नियम आहे. नियम स्वागतार्ह आहे. 'दत्तक' हा शब्द मात्र मला खटकतो. अठरा वर्षांच्या मुलाने चाळीस वर्षे कष्ट उपसलेल्या माणसाला दत्तक कसे घ्यायचे? शिकायला जाणाऱ्याने शिष्यासारखे जावे. शिवाय त्या कुटुंबाचा जवळच्या आरोग्य केंद्राशी काही संबंध जोडला जात नसेल, तर विद्यार्थी बसने येणार, रक्तदाब मोजणार, वही भरणार आणि परत जाणार.

दंड, करार आणि सत्तर-तीस

शिक्षणाचा साचा तसाच ठेवून डॉक्टरला गावाकडे ढकलण्याचे जे उपाय झाले त्यांतला मुख्य म्हणजे बंधपत्र. सरकारी महाविद्यालयातून पदवी घेणाऱ्याने एक वर्ष सरकारी सेवा करावी, नाहीतर दंड भरावा. महाराष्ट्रात हा दंड पदवीसाठी दहा लाख रुपयांवर गेला. वरकरणी हे न्याय्य वाटते, कारण जनतेच्या पैशाने शिकलेल्याने जनतेचे काही देणे द्यावे. पण जिथे दंड भरून सुटता येते तिथे सेवा करणारा कोण आणि सुटणारा कोण? ज्याच्या बापाजवळ दहा लाख आहेत तो पदव्युत्तर परीक्षेच्या शिकवणीला बसतो. ज्याच्या बापाजवळ नाहीत तो केंद्रावर जातो. समाजाचे ऋण फेडण्याची जबाबदारी अशा रीतीने गरीब विद्यार्थ्याच्या एकट्याच्या डोक्यावर येते. गावाला काय मिळते? दर वर्षी नवा डॉक्टर. तो बिचारा पाड्यांची नावे शिकतो तोवर त्याची मुदत संपलेली असते.

२०१९ च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने आणखी एक पाऊल टाकले. सरकारी व महापालिकांच्या महाविद्यालयांत पदवीच्या दहा टक्के आणि पदव्युत्तरच्या वीस टक्के जागा दुर्गम भागात दीर्घकाळ सेवा देण्यास तयार असणाऱ्यांसाठी ठेवायच्या, आणि करार मोडणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा, असा तो प्रस्ताव होता. यातली जागा ठेवण्याची कल्पना विचार करण्याजोगी आहे. कैदेची कल्पना मात्र सांगते की गावातली सेवा ही शासनालाही शिक्षाच वाटते. शिक्षा म्हणून आलेला डॉक्टर लोकांना शिक्षाच करील.

आणि एक उदाहरण प्रादेशिक न्यायाचे. महाराष्ट्रात बरीच वर्षे वैद्यकीय प्रवेशाला सत्तर-तीसचे सूत्र होते. विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र असे तीन विभाग; प्रत्येक विभागात सत्तर टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना आणि तीस टक्के राज्यभरासाठी. मराठवाड्यात महाविद्यालये कमी, म्हणून तिथल्या मुलांना जास्त गुण असूनही जागा मिळेना. २०२० च्या सप्टेंबरात हे सूत्र रद्द झाले. वाद झाला तो कोणत्या विभागाच्या मुलांना किती जागा, यावर. त्या मुलांनी पुढे कोणत्या विभागातल्या रोग्यांना तपासावे, हा मुद्दा कोणाच्याच भाषणात नव्हता. शिवाय 'उर्वरित महाराष्ट्र' या एका पोत्यात दादर आणि मोखाडा दोन्ही भरलेले होते. प्रादेशिक न्यायाचे माप तालुका असायला हवे.

शिकतो कोण?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जगभरच्या अनुभवाचा एक निष्कर्ष ठाम आहे: ग्रामीण भागातून आलेला विद्यार्थी ग्रामीण भागात राहण्याची शक्यता इतरांपेक्षा अधिक असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० साली आणि पुन्हा २०२१ साली आपल्या शिफारशींत हे आग्रहाने मांडले. जपानने १९७२ साली जिची वैद्यकीय विद्यापीठ काढले ते याच तत्त्वावर. प्रत्येक प्रांतातून दोन-तीन विद्यार्थी निवडायचे, शिक्षणाचा खर्च कर्जाऊ द्यायचा, आणि सुमारे नऊ वर्षे आपल्या प्रांतात सेवा केली की कर्ज माफ. थायलंडने १९९४ साली असाच प्रकल्प हाती घेतला. तिथे प्रांतातली मुले निवडली आणि रोगी तपासण्याचे शिक्षण बँकॉकऐवजी प्रांताच्याच रुग्णालयांत दिले. निवड आणि शिकण्याची जागा, दोन्ही एकदम बदलल्या. म्हणून परिणाम दिसला.

आपल्याकडे निवड कशी होते? २०१६ पासून देशभर एकच प्रवेश परीक्षा आहे. तिच्यासाठी दोन-दोन वर्षे लाखो रुपयांच्या शिकवण्या लागतात. १९८३-८४ पासून राज्यात विनाअनुदान धोरणाने खासगी वैद्यकीय महाविद्यालये उभी राहिली. त्यांचे शुल्क वर्षाला कित्येक लाखांत गेले आहे. एवढे पैसे ओतून जो डॉक्टर होतो तो ते वसूल करायला शहापूरला कशाला जाईल? आणि गुणवत्तेची चर्चा मात्र होते ती राखीव जागांवरून. १९५१ साली मद्रासच्या चंपकम दोराईराजन खटल्यात वैद्यकीय प्रवेशाचाच वाद होता. त्या निकालानंतर पहिली घटनादुरुस्ती झाली आणि पंधराव्या कलमात चौथे उपकलम आले. म्हणजे आपल्या शैक्षणिक राखीव जागांचा घटनात्मक इतिहास वैद्यकीय महाविद्यालयाच्या दारातून सुरू होतो. तेव्हापासून विचारले जाते की कमी गुणांनी आलेला डॉक्टर चांगला कसा होईल. मी उलट विचारतो. ज्याला आदिवासी बाईशी बोलता येत नाही, वस्तीत पाय ठेवताना ज्याच्या नाकाला रुमाल लागतो, त्याची गुणवत्ता कोणत्या परीक्षेत मोजली? रोग्याची भाषा, त्याचे घर, त्याची भीती यांचे ज्ञान हे वैद्यकीय ज्ञान आहे. ते आपली मुले घरातून घेऊन येतात. परीक्षेत त्याला गुण नाहीत.

परंतु इथे एका सापळ्यापासून सावध राहिले पाहिजे. ग्रामीण विद्यार्थी गावी जातो असे म्हटले की लगेच सुचविले जाते: मग दलित-आदिवासी डॉक्टरांनीच गावी जावे, ते तुमचे कर्तव्य. मी हे मान्य करीत नाही. बाबासाहेबांनी गावाचे गुणगान कधी केले नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत त्यांनी गावाची जी चिकित्सा केली ती प्रसिद्धच आहे. गाव सोडा, शहराकडे चला, हा त्यांचा सांगावा होता. कारण गावाच्या रचनेतच अस्पृश्यता आहे. गावकुसाबाहेरून निघून जो मुलगा डॉक्टर झाला त्याने पुन्हा त्याच गावकुसाशी जावे अशी सक्ती करणारे आपण कोण?

माझ्या ओळखीचा एक तरुण बंधपत्राच्या सेवेसाठी एका केंद्रावर रुजू झाला. केंद्राचे निवासस्थान गळके. गावात खोली पाहायला गेला तर प्रत्येक घरमालकाने आधी पूर्ण नाव विचारले आणि नंतर सांगितले की खोली भाच्यासाठी ठेवली आहे. शेवटी तो तालुक्याच्या गावाहून ये-जा करू लागला. मग तक्रार गेली की डॉक्टर मुख्यालयी राहत नाहीत. सरकारी कागदात तो कामचुकार ठरला. डॉक्टर गावात का टिकत नाही याची कारणे मोजताना पगार, वीज, मुलांची शाळा हे सारे मोजले जाते. जात कोणी मोजत नाही.

आणि गावाआधी महाविद्यालय असते. २००७ साली सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या एम्समधील दलित-आदिवासी विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या वागणुकीचा अहवाल दिला. वसतिगृहात, जेवणाच्या टेबलावर, तोंडी परीक्षेत भेदभाव होतो हे त्याने नोंदविले. २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. जळगाव जिल्ह्यातल्या तडवी भिल्ल समाजातून येऊन त्या स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेत होत्या. वरिष्ठ डॉक्टरांनी जातीवरून छळल्याचा आरोप त्यांच्या कुटुंबाने केला आणि प्रकरण न्यायालयात गेले. आदिवासी भागात स्त्रीरोगतज्ज्ञ मिळत नाही अशी ओरड करणाऱ्यांनी या मृत्यूकडे डॉक्टरांच्या टंचाईचा प्रश्न म्हणूनही पाहिले पाहिजे.

लहान अभ्यासक्रमाचा पेच

टंचाईवर वारंवार सुचणारा आणखी एक उपाय म्हणजे तीन वर्षांचा लहान अभ्यासक्रम. छत्तीसगडने २००१ साली तो सुरू केला आणि काही वर्षांत बंद केला. आसामने २००५ साली जोरहाटला सुरू केला. उच्च न्यायालयाने २०१४ साली त्याचा कायदा रद्द ठरविला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या जानेवारीत तो निर्णय कायम केला. आपली पहिली प्रतिक्रिया विरोधाची असते. श्रीमंताला पूर्ण डॉक्टर आणि गरिबाला अर्धा, हे चातुर्वर्ण्य झाले. ही शंका खोटी नाही.

तरीही दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. छत्तीसगडमधल्या त्या तीन वर्षे शिकलेल्यांची प्राथमिक केंद्रातल्या पदवीधर डॉक्टरांशी तुलना करणारा अभ्यास २०१० साली झाला. नेहमीच्या आजारांच्या बाबतीत दोघांच्या कौशल्यात फारसा फरक आढळला नाही. दुसरी गोष्ट आपल्या घरची. वेल्लोरला शिकलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले. त्यांनी गावोगावच्या बायांना आरोग्य कार्यकर्त्या केले. त्यांत अनेक दलित होत्या, अनेक निरक्षर होत्या. बाळंतपण, अतिसार, कुष्ठरोग, क्षयरोग या बाबतींत त्यांनी जे केले ते पाहायला जगभरचे लोक जामखेडला येऊ लागले. ज्या बाईच्या हातचे पाणी चालत नव्हते तिच्या हातून सवर्ण घरातले बाळंतपण होऊ लागले. वैद्यकीय शिक्षण जातीच्या भिंतीला कसे भिडू शकते याचे याहून मोठे उदाहरण मला ठाऊक नाही. यावरून माझे मत असे: लहान अभ्यासक्रमाचा पुरस्कार करताना दोन अटी हव्यात. तो शिकलेला माणूस शहरातही तेच काम करील, फक्त आदिवासींसाठी राखून ठेवला जाणार नाही. आणि त्याला पुढे पूर्ण पदवीपर्यंत जाण्याचा जिना असेल. जिना नसलेली पायरी म्हणजे जात.

आपल्या जिल्ह्यात काय करता येईल?

कल्याणचे नाव वैद्यकीय शिक्षणाच्या इतिहासात पहिल्यापासून आहे. आनंदीबाई जोशी १८६५ साली तिथे जन्मल्या. दहा दिवसांचे मूल गमावले आणि १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. इथल्या बायकांना बाई डॉक्टर नाही, म्हणून मी जाते, ही त्यांची भूमिका होती. गरज आधी आणि पदवी नंतर. त्यानंतर अकरा वर्षांनी, १८९७ च्या प्लेगात, सावित्रीबाई फुले यांनी आपला डॉक्टर मुलगा यशवंत याच्याकडून पुण्याबाहेर उपचार केंद्र उघडविले. मुंढव्याच्या महारवाड्यातून पांडुरंग गायकवाड या मुलाला पाठीवर घेऊन त्या तिथे आल्या आणि १० मार्चला स्वतः प्लेगने गेल्या. डॉक्टर कुठे बसावा याचे उत्तर त्यांनी दिलेले आहे: जिथून रोगी पाठीवर आणता येईल एवढ्या अंतरावर.

आज ठाणे महापालिकेचे राजीव गांधी वैद्यकीय महाविद्यालय कळव्याला आहे, १९९२ पासून. त्याला जोडलेल्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात २०२३ च्या ऑगस्टमध्ये एका दिवसात अठरा रुग्ण दगावले. जिल्हा रुग्णालयाच्या पुनर्बांधणीमुळे तिथला भार कळव्यावर आला होता, आणि दूरदूरहून अगदी अखेरच्या अवस्थेत रोगी येत होते, हे तेव्हा पुढे आले. चौकशी आपल्या जागी. पण अखेरच्या अवस्थेतला रोगी हा आधीच्या दहा ठिकाणी न भेटलेल्या डॉक्टरचा पुरावा असतो. पहिला डॉक्टर नसला की शेवटचे रुग्णालय कोसळते.

९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. त्यांतले एक अंबरनाथचे. एका बाजूला कल्याण-डोंबिवली आणि उल्हासनगरच्या वस्त्या, दुसऱ्या बाजूला मुरबाड-शहापूरचे पाडे. नवे महाविद्यालय जुन्या साच्यात बसण्याआधीच चळवळीने तिथे काही मागण्या नेल्या पाहिजेत.

एक, रोगी तपासण्याच्या शिक्षणाचा किमान तिसरा हिस्सा तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांत आणि शहरातल्या आरोग्य केंद्रांत व्हावा. माजिवड्यासारख्या वस्तीतले केंद्र संध्याकाळी उघडे राहावे आणि तिथे विद्यार्थी बसावेत. वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचे महाविद्यालय १९६९ पासून विद्यार्थ्यांना गावाशी जोडते, आणि पदव्युत्तर प्रवेश हवा असणाऱ्या आपल्या पदवीधरांकडून आधी दोन वर्षे ग्रामीण सेवा घेते. म्हणजे हे अशक्य नाही.

दोन, घटनेने दिलेल्या राखीव जागांना धक्का न लावता, प्रत्येक प्रवर्गाच्या आत, खुल्या प्रवर्गातसुद्धा, जिल्ह्यातल्या मागास तालुक्यांच्या मुलांना जागा असाव्यात. त्यांना अकरावीपासून मोफत शिकवणी महाविद्यालयानेच द्यावी.

तीन, सेवा सर्वांना सारखी असावी, दंड भरून कोणाचीही सुटका नसावी. मुदत निदान तीन वर्षे, राहायला धड घर, आणि त्या सेवेला पदव्युत्तर प्रवेशात वजन. सेवेतील डॉक्टरांसाठी पदव्युत्तर जागा राखून ठेवण्याचा राज्यांचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२० च्या निकालात मान्य केला आहे. तो वापरावा.

चार, कुटुंबवैद्यकाचा स्वतंत्र विभाग असावा आणि त्यात प्रत्यक्ष वस्तीत, पाड्यावर काम केलेले डॉक्टर, परिचारिका, आशा कार्यकर्त्या शिकवायला असाव्यात.

पाच, महाविद्यालयात आणि केंद्रावर जातीय छळाची तक्रार ऐकणारी समिती असावी. तिच्यावर बाहेरचे सदस्य असावेत आणि तिचा अहवाल दर वर्षी जाहीर व्हावा.

या मागण्यांत नवे संशोधन काही नाही. त्यांतली प्रत्येक गोष्ट कुठे ना कुठे झालेली आहे. त्या एकत्र झालेल्या नाहीत, कारण त्या एकत्र मागणारे कोणी नाही. डॉक्टरांच्या संघटना भत्त्यांबद्दल बोलतात, पालक जागांबद्दल बोलतात, पुढारी इमारतीबद्दल बोलतात. रोग्याची संघटना नसते. ती जागा चळवळीने घेतली पाहिजे. म्हणून कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझी सूचना अशी की आपल्या जिल्ह्यातल्या वैद्यकीय महाविद्यालयाला दर वर्षी तीनच प्रश्न लेखी विचारावेत: यंदाचे विद्यार्थी कोणत्या तालुक्यांतून आले? ते कोणत्या केंद्रांवर शिकले? पाच वर्षांपूर्वी बाहेर पडलेले आज कुठे आहेत? उत्तरे मिळाली तर ती वस्तीच्या फळ्यावर लिहावीत. नाही मिळाली तर तेही लिहावे.